बाईंच्या वतीने

चष्म्याच्या दुकानात भिंतीवर काय असावं, याचा एक साधारण अंदाज आपल्याला असतो. अक्षरांचा तक्ता, फ्रेमा, एखादा आरसा. या दुकानात हे सगळं होतंच, पण गल्ल्यामागची अख्खी भिंत पदकांनी भरली होती. सोन्यासारखी दिसणारी, चांदीसारखी दिसणारी, काचेची, लाकडाची, आणि एक तर चक्क संगमरवरी कबूतर. प्रत्येक पदकाशेजारी एक फोटो. फोटोत व्यासपीठ, फुलं, एखादा भारदस्त पाहुणा, आणि त्याच्या हातून पदक घेताना तोंडभर हसणारे आपले चष्मेवाले.

गिऱ्हाइकांचा जो समज व्हायचा तो व्हायचाच. यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेला माणूस हळूच विचारायचा, "डॉक्टर, आमचा धाकटा नखं खातो हो. काही उपाय?"

"मी डॉक्टर नाही. ते सगळं आमच्या हिचं," असं चष्मेवाले म्हणायचे खरे, पण फार घाईने कधी म्हणाले नाहीत. आणि म्हणून झालं की लागलीच भिंगं बदलता बदलता सांगायचे, "रागावू नका त्याला. हात तोंडात नसेल तेव्हा चांगलं बोला. आपण नेमकं उलट करतो, नखं खाल्ली की सगळं घर त्याच्याकडे बघतं. आता सांगा, खालची ओळ दिसते?"

'ही' म्हणजे प्रोफेसरबाई. माणूस वागतो तसा का वागतो, हे शोधण्यात बाईंची हयात गेली. आधी प्रयोग कबुतरांवर, मग माणसांवर. त्यांचं 'टाळाटाळीचं शास्त्र' हे पुस्तक म्हणजे या विद्येतला मैलाचा दगड मानतात. त्यातली गोष्ट सांगायला सोपी आहे. माणूस ज्याला भितो ते टाळतो, टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटल्यासारखं वाटणं हेच टाळण्याचं बक्षीस ठरतं. म्हणून भीती जागची हलत नाही. पुढे त्यांनी 'भीतीच्या पायऱ्या' लिहिलं, ज्याला भितो त्याच्याजवळ एकेक पायरी करत कसं जायचं ते सांगणारं. त्याने कुत्र्याला, उंचीला, विमानाला भिणारी कितीतरी माणसं हिंडतीफिरती झाली. शिवाय एक जाडजूड पाठ्यपुस्तक आहे, ते विद्यार्थी परीक्षेआधी वाचतात आणि परीक्षेनंतर उशाला घेतात. या सगळ्याची मुद्रितं चष्मेवाल्यांनी दुकानात बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तपासली. पुस्तकं त्यांना तोंडपाठ होती. कळली होती का, हा प्रश्न वेगळा. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न बाईंनाही विचारता आला असता.

कारण बाईंना स्वतःला व्यासपीठाची भीती होती. वर्गात टेबलाभोवती विद्यार्थी घेऊन बसल्या की तासन्‌तास बोलत. पण पायऱ्या चढून वर जायचं, समोर अंधारात माणसं, आणि ती आपल्यासाठीच टाळ्या वाजवतायत, म्हटलं की त्यांच्या घशाला कुलूप लागायचं. लग्नानंतर लवकरच पहिला सन्मान मिळाला, तेव्हा सकाळपासून बाईंनी हातपाय गाळले. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, मी जाऊन घेऊन येतो. पदकच तर आहे, हत्ती थोडाच आणायचाय." ते गेले, बाईंचं भाषण 'बाईंच्या वतीने' वाचलं, पदक घेतलं आणि परत आले. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या इतक्या खूश झाल्या, की चष्मेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हापासून पायंडाच पडला. पुढे त्यासाठी त्यांनी एक सूट शिवला. मग तो घट्ट झाला म्हणून दुसरा शिवला.

तर एका संध्याकाळी विभागप्रमुख घरी आल्या. बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. विद्यार्थीदशेत आवाज इतका बारीक, की सगळे चिमणी म्हणायचे. आता त्यांच्या आवाजाने काचा हलतात, पण या घरात त्या अजून चिमणीच आहेत. आल्या आल्या त्यांनी बाईंना मिठी मारली.

"बाई, मोठा सन्मान मिळाला! सगळ्यात मोठा! अख्ख्या लेखनासाठी!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. चष्मेवाले कपाटाकडे निघाले, सूटला हवा द्यायला हवी होती.

"काका, थांबा जरा," चिमणी म्हणाली. "या वेळी अट आहे. बाईंनी स्वतः यायचं, स्वतः बोलायचं. प्रतिनिधी चालणार नाही."

"चालणार नाही म्हणजे? मी काय आज पहिल्यांदा जातोय?"

"तुमच्यामुळेच तर अट घातलीय! मागच्या वेळी पेपरात फोटो तुमचा आणि खाली नाव बाईंचं. अर्ध्या वाचकांना वाटलं, बाईंना मिशा आहेत."

चष्मेवाल्यांचा हात मिशीवर गेला. आता बाई नाही म्हणणार, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. मग आपण जाऊन समितीला समजावू, असंही त्यांनी मनात ठरवून टाकलं.

"जाईन मी," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांचा हात मिशीवरच राहिला. बाईच पुढे म्हणाल्या, "परवा ती लिफ्टला भिणारी मुलगी आली होती ना, तिने मला विचारलं, तुमच्या पायऱ्या तुम्ही स्वतः कधी चढलात का? मी म्हटलं, मी लिफ्टला भीत नाही. ती म्हणाली, मग कशाला भिता? मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मी जाणार. आणि माझ्याच पुस्तकाने जाणार."

चिमणीने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्यांनी अभिनंदन करायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "चहा टाकू का?"

दुसऱ्या दिवसापासून घराची प्रयोगशाळा झाली. पहिली पायरी म्हणजे जेवणाच्या खोलीत पायाखाली एक बुटकं स्टूल घेऊन उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं. प्रेक्षक तिघं. चष्मेवाले, त्यांची मुलगी आणि मुलीच्या सासूबाई. मुलगी पोहायला शिकवते, त्यामुळे तिचा आवाज मोठा आणि पकड लोखंडी. विहीणबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिल्या होत्या. डोळ्याला पट्टी असली तरी त्यांच्या तोंडाला नव्हती.

"ऐकू येत नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, मी अजून बोललेच नाही!" बाई स्टुलावरून म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी."

बाईंनी एक वाक्य म्हटलं. तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाई ताबडतोब प्रोफेसर झाल्या. "टाळ्या उशिरा पडल्या. वाक्य संपलं की लगेच हव्यात. आणि तुम्ही, विहीणबाई, माझ्याआधीच वाजवताय."

"मला दिसत नाही, अंदाजाने वाजवते."

असं करत करत बाई स्टुलावरून टेबलावर गेल्या, टेबलावरून जिन्याच्या चौकात गेल्या, आणि एकदा तर दुपारी दुकानात अक्षरांच्या तक्त्यापुढे उभं राहून त्यांनी तीन अनोळखी गिऱ्हाइकांना आपल्या भाषणाचं पहिलं पान ऐकवलं. त्यातला एकजण फक्त काड्या घट्ट करायला आला होता. तो भान हरपून ऐकत राहिला आणि जाताना चष्मा विसरून गेला. बाईंचे गाल लहान मुलीसारखे लाल झाले. चष्मेवाल्यांना त्यांचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं. पण त्या रात्री सूट कपाटात ढकलताना त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला, बाही झटकली, आणि का ते स्वतःलाही सांगितलं नाही.

शेवटून दुसरी पायरी म्हणजे खरं व्यासपीठ. चिमणीने एका शाळेचं सभागृह मिळवलं. सुट्टीचा दिवस, समोर घरची तिघं आणि शाळेतले दहाबारा शिक्षक. बाई पायऱ्या चढल्या. कागद उघडला. "अध्यक्ष महोदय," म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले.

चष्मेवाले कधी उठले ते त्यांनाच कळलं नाही. दोन ढांगांत वर, बाईंच्या हातातून कागद घेतला, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. झकास वाचलं. कुठे थांबायचं, कुठे मान उचलून मागच्या रांगेकडे बघायचं, सगळं अंगवळणी पडलेलं. शिक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चष्मेवाले हसले, जरा झुकले. बाई खाली उतरून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि रुमालाने कपाळ टिपत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं मोठं हसू होतं.

ते हसू अचानक थांबलं.

"अहो, थांबा," बाई म्हणाल्या. "आत्ता काय झालं?"

"काही नाही गं. होतं असं. उद्या परत करू."

"नाही, नाही. नीट बघा. मी घाबरले. तुम्ही आलात. मला सुटल्यासारखं वाटलं." त्या उठून उभ्या राहिल्या. कबुतराने पहिल्यांदा बरोबर बटणावर चोच मारली, की त्यांचे डोळे असेच व्हायचे. "म्हणजे घाबरण्याचं बक्षीस मला कोण देतंय? तुम्ही! इतकी वर्षं! प्रत्येक वेळी! मी जगभरच्या लोकांना सांगत हिंडले, की भित्र्या माणसाच्या वतीने कामं करू नका, आणि माझ्या वतीने..."

बाई हसायला लागल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या. "अहो, 'टाळाटाळी'चं तिसरं प्रकरण! त्यात हेच लिहिलंय मी!"

"माहितीये," चष्मेवाले वरून म्हणाले. "मीच तपासलंय. एक स्वल्पविराम चुकला होता."

मुलगी हसून हसून वाकली. विहीणबाईंना स्वल्पविरामाचं काही कळलं नाही, पण त्याही हसल्या. चष्मेवाले मात्र हसले नाहीत. हातातल्या कागदाची घडी घालत ते तिथेच उभे होते.

"आणि तुम्हाला काय मिळत होतं?" बाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज प्रोफेसरांचा नव्हता.

चष्मेवाल्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "मला आवडतं गं इथे उभं राहायला. दुकानात दिवसभर मी लोकांना दिसेल असं करतो. लोक चष्मा घालतात, म्हणतात, वा, काय स्पष्ट दिसतंय, आणि निघून जातात. टाळ्या कोण वाजवतं? तुझी पदकं घ्यायला गेलो, की वाटायचं... म्हणजे मला ठाऊक असायचं, माझ्यासाठी नाहीत. तरी वाटायचं." त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली. "तू स्टुलावर उभी राहिलीस ना, त्या दिवशी माझ्या मनात आलं, हिची भीती गेली तर माझं काय? असं यायला नको होतं. पण आलं."

सभागृहात शिक्षक होते, त्यांना कुठे बघावं ते कळेना. बाई सावकाश पायऱ्या चढून वर गेल्या. या वेळी त्यांना पायऱ्यांचं भानच नव्हतं. त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

"मग बोलला नाहीत ते कधी?"

"तू खूश असायचीस. मी खूश असायचो. बोलायचं काय?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणूनच हे इतकी वर्षं टिकलं." आणि डोळे पुसून त्या पुन्हा हसल्या. "आता शिडी दोघांसाठी करायची. माझी वर चढण्याची. तुमची खाली बसण्याची."

तुम्हाला वाटेल, बसण्यात काय आलं? चष्मेवाल्यांनाही तसंच वाटलं होतं. रोज संध्याकाळी बाई जिन्याच्या चौकात उभ्या राहायच्या आणि मुद्दाम अडखळायच्या. चष्मेवाल्यांनी फक्त खुर्चीत राहायचं. बाई "अध्यक्ष..." म्हणून थांबल्या, की त्यांचे गुडघे आपोआप सरळ व्हायचे. "बाबा!" मुलगी ओरडायची. "ह्यांना खुर्चीला बांधा," विहीणबाई सुचवायच्या. पट्टी निघाल्यापासून त्यांना सगळं दिसत होतं, आणि त्याचा सगळ्यांना फार ताप होता. पण हळूहळू जमलं. बाई दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहिल्या तरी चष्मेवाले बसून राहायला लागले. फक्त कपाळावर घाम यायचा.

समारंभाच्या दिवशी सूट त्यांनी घातलाच. प्रेक्षकाने सूट घालू नये, असं काही नियमात नव्हतं.

सभागृह मोठं होतं, आणि भरलेलं. चष्मेवाले तिसऱ्या रांगेत बसले, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. इतक्या समारंभांना जाऊन प्रेक्षकांत ते पहिल्यांदाच बसत होते. खुर्च्या इतक्या टणक असतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. पुस्तकांची नावं आली, आधीचे सन्मान एकामागून एक आले. प्रत्येक सन्मानाला चष्मेवाले ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, "हो, तिथे पाऊस होता... तिथे माइक बिघडला... ते कबूतर फार जड होतं." मग नाव पुकारलं गेलं. बाई पायऱ्या चढल्या. पदक गळ्यात पडलं. टाळ्या वाजल्या, संपल्या, आणि सभागृह शांत झालं.

"अध्यक्ष महोदय," बाई म्हणाल्या.

आणि गप्प झाल्या.

हे मुद्दाम नव्हतं. चष्मेवाल्यांनी ते लगेच ओळखलं. बाईंचा डावा हात माइकच्या दांड्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मागे कोणीतरी खोकलं. कुजबुज सुरू झाली. अध्यक्षांनी चष्मेवाल्यांना अनेक समारंभांत पाहिलेलं होतं. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं, हलकेच हसले आणि हाताने खूण केली, या की. अट त्यांनीच घातली होती, पण बिचारी बाई समोर अशी उभी राहिल्यावर कोणाचंही मन विरघळेल. एकेक करत लोकांच्या माना वळल्या. सगळं सभागृह चष्मेवाल्यांकडे बघायला लागलं.

भाषण त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. अंगावर सूट होता. वर जायला सात-आठ पावलं पुरली असती. गेले असते तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं, काय पण नवरा आहे म्हणाले असते, आणि बाई सुटकेने हसल्या असत्या. नेहमीसारख्याच.

चष्मेवाल्यांनी खुर्चीचे हात दोन्ही मुठींत धरले. अध्यक्षांना त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग बाईंकडे बघितलं. बाईही त्यांच्याकडेच बघत होत्या, मदत मागितल्यासारख्या. आपल्या माणसाने असं बघावं आणि आपण दगडासारखं बसून राहावं, याच्याइतकं वाईट काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या, बाई दिसेनाशा झाल्या. ते बसून राहिले.

"पाणी," वरून एक घोगरा आवाज आला. "पाणी मिळेल का जरा?"

माइकमधून ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. कोणीतरी पेला दिला. बाई घटाघट प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भीतीवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईला इतकी तहान लागते, हे छापायला विसरले मी."

सभागृह खळखळून हसलं. आणि बाई बोलायला लागल्या.

काय बोलल्या! चष्मेवाल्यांनी हे शब्द वाचले होते, तपासले होते, ठिकठिकाणी बाईंच्या वतीने लोकांना ऐकवले होते. बाईंच्या तोंडून त्यांनी ते पहिल्या पानापलीकडे कधी ऐकलेच नव्हते. कबुतराचा तो विनोद, जो ते दरवेळी मोठ्या झोकात सांगायचे आणि ज्याला आजवर कोणी हसलं नव्हतं, तो बाईंनी सहज, दुसरीकडे बघत सांगितला आणि लोक हसून लोटपोट झाले. चष्मेवाले सगळ्यांत जास्त हसले. मुलीच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "अगं, हा असा सांगायचा होता होय!"

"तुम्ही इतकी वर्षं चुकीचा सांगत होता?" विहीणबाईंनी विचारलं.

"साफ चुकीचा!" ते आनंदाने म्हणाले.

भाषण संपत आलं, तेव्हा बाईंनी कागद मिटला.

"एक शेवटचं. हे कागदावर नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात एक प्रयोग चालला होता, आणि तो मला दिसला नाही. मी भ्यायचे, एक माणूस माझ्या वतीने उठायचा, आणि आम्ही दोघंही खूश व्हायचो. मघाशी मी इथे मुकी झाले, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला उठायचं होतं. इथे उभं राहायला त्याला किती आवडतं, हे मला माहीत आहे. तो उठला नाही. माझ्या सगळ्या पुस्तकांत मिळून सांगितलंय त्यापेक्षा मोठं काम त्याने आज त्या खुर्चीत बसून केलं. मला टाळ्या मिळाल्या. आता त्याच्यासाठी वाजवा. माझ्या वतीने नाही. त्याच्यासाठी."

मग चिमणीने सुरुवात केली, आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. माना वळल्या, लोक उठून उभे राहिले, विहीणबाई या वेळी अगदी वेळेवर वाजवत होत्या. चष्मेवाल्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. टाळ्या ऐकल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी कोटाचं बटण लावलं, खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि ते झुकायला उठू लागले.

मुलीने कोट धरून त्यांना खाली ओढलं.

"बाबा, बसा! टाळ्या बसून राहिल्याबद्दल आहेत!"

चष्मेवाले बसले.